सव्वीस तारखेचा नाताळ

अशोक,

आपण दहावा-तेरावा कधी मानला नाही, त्यामुळे दिवस मोजायचं मला काही कारण नाही. तरी मोजते. आज अडतिसावा. तुझे कॉम्रेड भेटायला यायचे थांबलेत, फोनही कमी झालेत, आणि तुझ्याशी भांडायला घरात आता हवा तेवढा निवांतपणा आहे. म्हणून लिहायला बसले.

काल संध्याकाळी यमुना आली होती. तुझ्या युनियनच्या ठेकेदारी कामगारांपैकी, पेठ तालुक्याकडची, पॅकिंगला असते ती. सोफ्याच्या अगदी कडेवर बसली, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाली, "ताई, रविवारी तुमच्या घरात बसू का आमी? एकच तास. अकरा-बारा माणसं हाय. दुसरं कोणी खोली देत नाय."

बसू म्हणजे प्रार्थनेला. आपल्या हॉलमध्ये, अशोक. जिथे चौतीस वर्षांत ना माझा गणपती बसला, ना तुझ्या आईचा येशू भिंतीवर लागला.

मी "नाही" म्हटलं नाही. "हो"ही म्हटलं नाही. "उद्या सांगते," म्हणाले. तू असतास तर तिला प्रेमाने समजावलं असतंस, धर्म ही खासगी बाब आहे वगैरे, दुसरीकडे खोली मिळवून द्यायला दहा जणांना फोन केले असतेस, आणि घर मात्र कोरडं ठेवलं असतंस. आता उत्तर मला द्यायचं आहे, आणि ते देण्याआधी तुझ्याशी काही गोष्टी बोलून घेणं भाग आहे. त्यातली एक गोष्ट फार वाईट आहे. ती शेवटाकडे ढकलते आहे, हे तुला कळेलच.

आपला करार आठवतो? रजिस्टर लग्न करून आलो, त्याच आठवड्यात तू तो मांडलास. घरात कुठलाच सण नाही. तुझा नाही, माझाही नाही. मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. मखमलाबादच्या फुलांच्या मळ्यात वाढलेली मी. आमच्याकडे दसरा-दिवाळी म्हणजे पहाटे उठून झेंडू तोडायचा, पाट्या भरायच्या आणि बाजारात पळायचं. सणाच्या दिवशी आई पाठीला शेक घेत पडलेली असायची. एकदाचं हे सगळं सुटेल म्हणून मी हसत हो म्हटलं. तुझ्या करारात माझा त्याग वगैरे काही नव्हता, हे आज कबूल करते. तू मात्र आयुष्यभर त्यासाठी माझे आभार मानत राहिलास आणि मी ते घेत राहिले.

पण करार पाळायची तुझी तऱ्हा! खंडेनवमीला कंपनीत मशीन पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून पूजा व्हायची. बायका-मुलांना त्या दिवशी आत सोडायचे, मुलं बापाच्या मशीनला हात लावून बघायची. आणि नारळ कोण फोडायचं? युनियनचे अध्यक्ष, म्हणजे आपण! हार माझ्या वडिलांच्या मळ्यातल्या झेंडूचे. मी विचारलं तर म्हणायचास, "तो मशीनचा मान आहे, मंदा. कामगाराचा दिवस आहे. त्यात देव कुठे आहे?" देव कुठे नव्हता? कंट्रोल पॅनेलवर तर फोटो लावलेला होता! पण तू त्याच्याकडे पाहायचा नाहीस आणि नारळ एका फटक्यात फोडायचास.

नाताळला मात्र तुझं तत्त्व जागं व्हायचं. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत रूथताईंकडे, म्हणजे तुझ्या सख्ख्या बहिणीकडे, पंचवीस तारखेला तू कधी पाऊल टाकलं नाहीस. तिथे तुझ्या आईंच्या हातच्या करंज्या, चकल्या, अनारसे, सगळा फराळ मांडलेला असायचा, आणि मुलगा सातपूरच्या युनियन ऑफिसात बसून जुने अंक चाळायचा. सव्वीसला सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचास. "सण काल संपला. आज फक्त करंजी आहे," हे तुझं ठरलेलं वाक्य. आई ताट पुढे करायच्या, म्हणायच्या, "माझा नाताळ एक दिवस उशिरा येतो." म्हातारी दर वर्षी तुझ्या वाटणीच्या करंज्या वेगळ्या डब्यात ठेवायची आणि तू त्या पाच-सहा एका बैठकीत संपवायचास. आम्ही सगळे हसायचो. घरातली ती एक लाडकी गंमत होती.

आपली मुक्ता सात वर्षांची असताना शाळेतून नाताळची कागदी चांदणी घेऊन आली, तेव्हाही तू तिला नाही म्हटलं नाहीस. शेजारी बसवून तारा म्हणजे तापलेला वायू कसा असतो ते अर्धा तास समजावलंस. मग ती चांदणी कपाटावर गेली आणि दोन महिन्यांनी विज्ञान दिनाला बाल्कनीत लागली! कॉलनीतल्या लोकांनी विचारलं, हे काय फेब्रुवारीत? पोरगी छाती काढून सांगायची, "हा वायू आहे."

तुझं म्हणणं मला तेव्हाही पटायचं आणि आजही बरंचसं पटतं. सण बाजाराने गिळलेत, हे खरंच आहे. कॉलेज रोडच्या मॉलमध्ये सांताक्लॉज नाचतो, लोक मुलांना खांद्यावर घेऊन फोटो काढतात, त्याला कुणी धर्मांतर म्हणत नाही. तू म्हणायचास, तिथे माल विकला जातो ना, म्हणून तो सांता सगळ्यांचा. पक्षातल्या नव्या मंडळींनी 'सर्वधर्मीय नाताळ' करायचं ठरवलं, लाल टोप्या मागवल्या, तेव्हा तू भर बैठकीत विचारलंस, "टोपी घालून फोटो काढणार, आणि ज्यांना चांदणी लावायची बंदी होते त्यांच्या दाराशी कोण जाणार?" मला तुझा केवढा अभिमान वाटला होता त्या दिवशी.

आणि मग गेल्या डिसेंबरात तेच दार तुझ्यापुढे आलं.

यमुना आणि तिचा नवरा काशिनाथ, आणि त्यांच्याकडची आणखी काही माणसं, सातपूरच्या मागे एका चाळीत पत्र्याची खोली भाड्याने घेऊन दर रविवारी प्रार्थना करायची. वर्षभर कुणाला त्याचं काही नव्हतं. डिसेंबरात त्यांनी दारावर चांदणी लावली. दोन दिवसांनी मोटरसायकलींवरून माणसं आली आणि सांगून गेली, पंचवीसच्या आत ही काढा, नाहीतर आम्ही काढू. काशिनाथ तुझ्याकडे आला. माझ्यासमोर बोलला, म्हणून शब्द आठवतात. "साहेब, तुमी काय करू नका. निस्तं पंचवीसला सकाळी दाराशी उभे राहा. तुमी दिसलं की ते लोक जरा दमानं घेतील."

तू म्हणालास, "मी पोलिसात अर्ज लिहून देतो. वकील देतो. काही झालं तर मध्यरात्री उठून येईन. पण प्रार्थनेच्या दाराशी युनियन उभी राहणार नाही, काशिनाथ. आज तुमच्या दाराशी उभं राहिलो तर उद्या दुसरे त्यांच्या आरतीला बोलावतील, आणि मग कामगार कुठे उरला?"

तो "बरं साहेब" म्हणून गेला. मग आपण भांडलो. तीन दिवस भांडलो. मी म्हटलं, सण साजरा करणं वेगळं आणि ज्याचा सण मोडायला लोक येणार आहेत त्याच्या दाराशी उभं राहणं वेगळं. मी खंडेनवमीचा नारळ काढला. तू चिडलास. मग तिसऱ्या दिवशी, पोळी तोडता तोडता, तू खरं कारण सांगितलंस. खालच्या आवाजात. "मी तिथे दिसलो की ते माझी जात-धर्म शोधतील. शरणपूर सापडेल. आईचं नाव सापडेल. चाळीस वर्षांचं काम एका दुपारी धर्मांतर ठरेल, मंदा. एक पत्रक पुरेल."

तुझं नाव-आडनाव असं की कुणाला काही कळायचं नाही. कंपनीतल्या नव्या लोकांना तू कुठल्या घरातला हे माहीतच नव्हतं. पूर्वी एकदा युनियनच्या निवडणुकीत तुला 'पाद्र्याचा माणूस' म्हणणारं पत्रक निघालं होतं, तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. मला हे सगळं ठाऊक होतं. ते ठाऊक असूनही मी बोलले.

ती वाईट गोष्ट आता लिहिते. मी म्हणाले, "तू नास्तिक नाहीसच. तू घाबरलेला ख्रिश्चन आहेस."

तू पोळीचा घास खाली ठेवलास. हात धुतलेस. मला वाटलं आता ओरडशील. तू ताट विसळून ठेवलंस.

पंचवीस तारखेला सकाळी तू पेपर घेऊन खुर्चीत बसलास. नऊ वाजता बूट घातलेस. साडेनऊला सुद्धा बूट पायात तसेच, पेपरचं तेच पान पुढे. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते आणि मनात म्हणत होते, ऊठ, ऊठ, ऊठ. तू उठला नाहीस. आणि अशोक, मी तरी कुठे उठले? ती खोली आपल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. माझं माहेर मखमलाबादचं, आडनाव बिनधोक, म्युनिसिपल शाळेची रिटायर्ड मास्तरीण. माझं कोण काय शोधणार होतं? मी एकटी जाऊ शकत होते. मी गेले नाही, कारण मला तुझं पाऊल आधी बाहेर पडायला हवं होतं. तुला भित्रा म्हणणारी बाई देठं खुडत बसली होती. या अडतीस दिवसांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा वाजता काशिनाथचा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. वीसेक माणसं आली, चांदणी फाडली, बायकांना बाहेर काढून रांगेत बसवलं आणि मोबाईलवर शूटिंग करत एकेकीला नाव, गाव, किती पैसे मिळाले ते विचारलं. यमुनाच्या सासूने ओढणी-पदर काही नाही, दोन्ही हातांनीच तोंड झाकलं, म्हणून तिला धक्का दिला. मनगट मोडलं. संध्याकाळी घरमालकाने खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं गेलो. त्या दिवशी तू शरणपूरला गेला नाहीस. चाळीत यमुना राहत्या खोलीबाहेर भांडी घासत होती. हात धुऊन उठली, आपल्याला आत बसवलं, आणि एका ताटलीत गुळाच्या करंज्या आणून ठेवल्या. आदल्या दिवसासाठी केलेल्या. तुझ्या हातात ताटली देताना म्हणाली, "काल यायला पायजे होतं साहेब."

तिच्या आवाजात राग नव्हता. वेळेवर न आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं ती म्हणाली. तू, ज्याने मॅनेजमेंटच्या वकिलांची तोंडं बंद केली, तू त्या ताटलीकडे पाहत राहिलास. शेवटी मीच एक करंजी उचलली.

त्यानंतर तू रोज काशिनाथबरोबर फिरलास. पोलीस चौकी, वकील, म्हातारीचं प्लास्टर, घरमालकाच्या विनवण्या. घरी यायचास, जेवायचास, झोपायचास. भांडायचं सोडून दिलंस. मी खंडेनवमीवरून टोमणा मारला तरी फक्त हसायचास. मला वाटायचं, थोडे दिवस जाऊ देत, मग तो शब्द मागे घेईन. नीट बसून, चहा करून. शब्द मागे घ्यायलाही मी चांगला मुहूर्त शोधत होते, बघ. आणि एका सकाळी दाढी करताना तू बेसिनपाशी बसलास, मला म्हणालास, "जरा पाणी दे," आणि मी पाणी आणेपर्यंत संपलं. अर्धी दाढी तशीच राहिली होती. ती मी पूर्ण करून दिली.

तुझा कागद कपाटात होता. विद्युतदाहिनी, कुठलाही विधी नको, कुठलीही प्रार्थना नको. अमरधाममध्ये रूथताई पदराखाली गीतांचं पुस्तक घेऊन आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मंदा, एक कडवं फक्त. माझा धाकटा भाऊ आहे गं." मी नाही म्हटलं. तुझी इच्छा म्हणून नाही म्हटलं. ऐंशीच्या घरातली बाई, तिने मान हलवली. "तुझा नवरा. तू म्हणशील तसं." आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. मग तुझ्या कॉम्रेडांनी झेंडा पांघरला, मुठी वर केल्या, तीनदा सलाम दिला, एकाने रडत रडत गाणं म्हटलं. ते सगळं मला हवं होतं, मला त्याने धीर आला. पण रूथताईंच्या मिटलेल्या ओठांकडे माझं लक्ष जात होतं. आमचा विधी चालला होता आणि त्यांचा मी बंद केला होता. तुझ्या नावाने. यमुना, काशिनाथ आणि त्यांची माणसं फाटकाबाहेरच उभी होती. आत या म्हटलं तर काशिनाथ म्हणाला, "नको ताई. उगाच साहेबांना तरास."

तुला त्रास! मेल्यावरही ते तुला स्वतःपासून जपत होते.

इथपर्यंत दुपारी लिहिलं आणि उठले. आता पावणेआठ वाजलेत. मी सातपूरला जाऊन आले.

यमुनाची पाळी सुटायच्या वेळी चाळीत पोचले. म्हातारी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "रविवारी या. दहा वाजता."

यमुनाचा चेहरा खुलला नाही. तिने आधी आजूबाजूला पाहिलं, मग म्हणाली, "आमी दोन-दोन जण येऊ. चपला आत घेऊ. गाणं हळू म्हणू, टाळ्या नाय वाजवणार."

"टाळ्या वाजवायच्या," मी म्हटलं. "आणि चपला बाहेरच ठेवायच्या. पाहुण्यांच्या चपला बाहेर असतात."

"सोसायटीवाले बोलतील ना ताई."

"बोलतील. मी दाराशी खुर्ची टाकून बसणार आहे. मी देव मानत नाही, तेव्हा आत माझं काही काम नाही. कुणी आलं तर आधी माझ्याशी बोलेल."

हे मोठ्या तोऱ्यात म्हटलं खरं. पण सेक्रेटरी काय म्हणतील, खालचा भाजीवाला काय म्हणेल, कुणी मोबाईल घेऊन उभं राहिलं तर मुक्ताच्या बेंगळुरूच्या ऑफिसात ते पोचेल का, तुझ्या फोटोखाली लोक काय काय लिहितील, तुझं शरणपूर आता माझ्यामुळे बाहेर निघेल का. सगळं त्या एका मिनिटात डोक्यातून गेलं. तुझ्या डोक्यातून ते चाळीस वर्षं जात होतं.

यमुना माझ्याकडे पाहत होती. तिने सरळ विचारलं, "ताई, तुमाला भ्या नाय वाटत?"

"वाटतं," मी म्हटलं.

"मला बी लय वाटतं," ती म्हणाली आणि माझ्यासाठी पाट पुढे सरकवला.

रिक्षात बसले तेव्हा रडू आलं, अशोक. त्या पोरीने मला एवढ्याशा ओळखीत जे विचारलं, ते मी तुला चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तू पोळी तोडता तोडता आवाज खाली केलास, तेव्हाही नाही. त्या वेळी मी नुसतं विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, मीही हो म्हणाले असते, आणि पंचवीसला सकाळी कदाचित आपण दोघं घाबरत घाबरत निघालो असतो.